पडवी ऑन व्हील्स

गाडीचं घर करायचं म्हटलं की सगळे आधी बेडबद्दल बोलतात. मग किचन, मग चार्जिंग पॉइंट, मग त्या पिवळ्या फेअरी लाइट्स, ज्यांच्याशिवाय म्हणे फोटोच येत नाहीत. पडवीबद्दल कुणीच बोलत नाही. आणि कोकणातलं कुठलंही जुनं घर आठवा, माणसं खरी राहतात ती पडवीत. आतल्या खोल्या झोपायला, देवाला आणि डब्यांना. पाहुणा पडवीत टेकतो, भाजी पडवीत निवडली जाते, भांडणं पडवीत सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच मिटतात.

व्हॅनची पडवी म्हणजे ऑनिंग. टपाच्या कडेला गुंडाळून ठेवलेलं कापड, जे बाहेर ओढलं की दारासमोर छप्पर तयार होतं. दुकानांपुढे असतं ना, हँडल फिरवून खाली येणारं, त्याचंच हे फिरतं भावंडं. दिसायला अगदी साधी वस्तू. पण मी या एका वस्तूवर जितका वेळ घालवलाय, तितक्या वेळात माझ्या मैत्रिणींची लग्नं ठरलीत.

आमची व्हॅन म्हणजे मामाच्या दुकानाची २०१६ सालची ऑम्नी. होय, तीच, हिंदी सिनेमातल्या समस्त किडनॅपिंगची अधिकृत गाडी. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही डबी २०१९ मध्ये बंद झाली. तिच्या आत काय केलं ते एका वाक्यात सांगते : मागच्या सीट्स काढायच्या नाहीत म्हणून दुमडलेल्या सीटवर बसणारी प्लायची पेटी, वर फोम, खाली भांडी. बस. ‘व्हॅनलाइफ’च्या व्हिडिओतली लाकडी पॅनेलिंगवाली राजवाडे मला परवडणार नव्हती आणि ७९६ सीसीच्या इंजिनला झेपणारही नव्हती.

छपराची गरज मात्र फोटोसाठी नव्हती. आईला दीड वर्षापूर्वी ल्युपसचं निदान झालं. शरीराची प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते, असा हा आजार. सांधे दुखतात, दमायला होतं आणि अनेकांच्या बाबतीत ऊन लागलं की सगळं उसळतं. आईचं तसंच आहे. डॉक्टरांनी ‘ऊन टाळा’ म्हटलं आणि आमच्या घराचे पडदे दिवसभर बंद झाले. ही तीच बाई, जी एसटीत खिडकी मिळावी म्हणून रुमाल टाकायची आणि दुपारी बारा वाजता गडावर चढताना आम्हाला ‘चला रे, चला’ करायची. आता कुठे जाऊया म्हटलं की म्हणायची, ‘तू जा गं, मी फोटो बघीन.’ हे ती इतक्या शहाणपणाने म्हणायची की मला राग यायचा. तेव्हा प्रश्न असा होता : जिथे जाऊ तिथे सावली बरोबर नेता येईल का?

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला कॅसेटवाला. लांबट पेटीत कापड गुंडाळलेलं, हँडल फिरवलं की बाहेर. इटलीची फियाम्मा, स्वीडनची थुले ही यातली नावाजलेली मंडळी. दिसायला झकास, पण यांचा जीव मोठ्या युरोपियन व्हॅन्समध्ये. फोक्सवॅगनला, डुकाटोला बेतलेले ब्रॅकेट मिळतात, आपल्या ऑम्नीने त्या यादीत नाव शोधू नये. दुसरा पंख्यासारखा, २७० अंशांचा. गाडीच्या कोपऱ्यावर बिजागरी, उघडला की बाजू आणि मागची डिकी दोन्हीकडे छप्पर. इन्स्टाग्रामचा लाडका. पण वजन वीस किलोंच्या पुढे सहज जातं, आणि ते सगळं एका कोपऱ्यावर लटकतं. शिवाय ऑम्नीची डिकी वर उघडते, म्हणजे मागच्या बाजूला दोन छपरांची मारामारी. शिपिंग आणि ड्यूटीसकट मला कळलेली किंमत मामाच्या ऑम्नीच्या रीसेलच्या निम्म्यावर गेली, तेव्हा मी तो टॅब बंद केला.

(हा पंखेवाला घेणाऱ्यांसाठी एक सूचना. हे डावे-उजवे असतात. ऑस्ट्रेलियन वेबसाइटवरचं ‘पॅसेंजर साइड’ म्हणजे आपल्यासारखीच डावी बाजू, कारण ते आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवतात. जर्मन वेबसाइटवर तेच शब्द म्हणजे उजवी बाजू. ऑर्डर करण्यापूर्वी एकदा हात वर करून खात्री करा.)

तिसरा साधा ओढायचा. ॲल्युमिनियमच्या पट्टीला लावलेली पीव्हीसीची लांब बॅग, चेन उघडायची, कापड बाहेर ओढायचं, दोन पाय खाली सोडायचे, दोन आडवे हात बसवायचे. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीने जीपवाल्यांमध्ये लोकप्रिय केलेला हा प्रकार आता भारतातही बनतो. गाडीच्या लांबीत दोन मीटर आणि बाहेर अडीच मीटर, हे माप ऑम्नीच्या ३.३७ मीटर लांबीला शोभतं. वजन बारा-तेरा किलो. आम्ही हाच घेतला. अर्थात डाव्या बाजूला, फुटपाथकडे. उजवीकडे लावून ट्रॅफिकमध्ये चहा कोण करणार?

पण प्रकार ठरला म्हणजे काम झालं असं नाही. कापड बघताना मी दुकानात एक रानटी टेस्ट केली. कापड ट्यूबलाइटसमोर धरलं आणि पलीकडची माझी बोटं दिसतात का ते बघितलं. दिसली तर नापास. लेबलवर ‘यूपीएफ ५०’ असेल तर त्याचा अर्थ अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आरपार येतो. छान. पण कोरड्या वाळूवरून साधारण १५ टक्के अतिनील किरण परावर्तित होतात, ते खालून येतात, त्यांना छप्पर काय करणार? आकाशाच्या निळाईतूनही येतात. म्हणून ऑनिंग असलं तरी आईची टोपी, लांब बाह्या आणि सनस्क्रीन सुटली नाहीत. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त पडते, हे मला किमान सात जणांनी सांगितलं. तिच्याखाली बसून बघा. माणसं मत्स्यालयातल्यासारखी दिसतात आणि वाऱ्यात फडफड अशी, की वाटावं कुणीतरी रात्रभर पापड मोडतंय.

मग कुलपं. म्हणजे पायांची. पाइपात पाइप सरकवून पिळून घट्ट करायचे लॉक असतात, किंवा खटका दाबून बसणारे. मला दोन्ही सारखेच. आईची बोटं सकाळी सुजलेली असतात, तिला पिळायचा लॉक हलेना. खटकेवाला हलला, तोही अंगठ्याने नाही, तळहाताच्या टाचेने. ठरलं मग, खटका. सेल्समन म्हणाला, ‘मॅडम, पिळायचाच जास्त मजबूत.’ असेल. पण जो उघडता येत नाही तो मजबूत लॉक काय कामाचा?

हाच मुद्दा मला आमच्या गल्लीतल्या मांडववाल्या काकांनी वेगळ्या शब्दांत सांगितला. मी त्यांच्याकडे कनातीचं कापड मागायला गेले होते, कारण संध्याकाळचं तिरपं ऊन छपराखालून आत शिरतं आणि त्याला आडवा पडदा लागतो. काकांनी फोनवर ऑनिंगचा फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न केला, ‘ताई, हे मिटायला किती वेळ लागतो?’ उघडायला किती हे त्यांनी विचारलंच नाही. चाळीस वर्षं लोकांच्या लग्नांवर छत धरणारा माणूस. त्यांच्या मते मांडव पावसाने जात नाही, वाऱ्याने जातो, आणि वारा येतो तेव्हा तुमच्या हातात दोन मिनिटं असतात.

मी घरी येऊन हिशेब केला. नुसतं शाळेतलं सूत्र लावलं तरी ताशी ४० किलोमीटरचा वारा पाच चौरस मीटर कापडावर सपाट आदळला तर सुमारे ३८ किलोंचा जोर बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे ताशी ८० ला दीडशे किलो. आमच्या दोघींचं मिळून वजन त्याहून कमी आहे. पावसाचंही तसंच. पाच चौरस मीटरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० लिटर, म्हणजे ५० किलो पाणी. ते वाहून गेलं तर ठीक, मध्येच खळगा करून साचलं तर कापड आधी पोट काढतं आणि मग पाइप वाकतो. म्हणून एक पाय कायम दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवायचा. पाणी एका कोपऱ्यातून पडतं, खाली बादली ठेवली की भांड्यांची सोय. पागोळ्यांचं तंत्र आपल्या लोकांना काही नवीन नाही.

काकांनी गाठही शिकवली. आपण शहरी माणसं जी कशीबशी मारतो ती निरगाठ, ओढाल तितकी आवळते आणि भिजली की दातांनी सोडवावी लागते. छपराच्या दोरीला हवी सुरगाठ. भार घेते, पण मोकळं टोक ओढलं की क्षणात सुटते. आईला ती लहानपणापासून येत होती, गोठ्यातल्या गाईमुळे. मला शिकायला तीन दिवस लागले.

आता बसवणं. ऑम्नी जुन्या चालीची असल्याने तिच्या टपाच्या दोन्ही कडांना पाण्याची पन्हळ आहे, गॅरेजवाले जिला ‘गटर’ म्हणतात. हे मोठं भाग्य. टपाला भोक न पाडता कॅरिअर या पन्हळीला क्लॅम्पने धरता येतं. भोक पाडलं की गळती आणि गळतीमागून गंज, हा क्रम ठरलेला. आणि कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या, म्हणजे मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण त्यामुळे घरच्या ऑम्नीवर वाट्टेल ते ठोकायची मुभा मिळत नाही. आमचं तत्त्व साधं : जे लावू ते पाना घेऊन अर्ध्या तासात उतरवता आलं पाहिजे, आणि बंद असताना आरशाच्या रेषेबाहेर येता कामा नये.

फॅब्रिकेटरने चौकोनी पाइपचं कॅरिअर बनवलं. चार क्लॅम्प पुरेसे आहेत असं त्याचं म्हणणं, मी सहावर अडून बसले. पन्हळीचा पत्रा पातळ असतो, भार जितका वाटला जाईल तितका बरा. क्लॅम्पच्या आत रबर. ऑनिंगच्या पट्टीत मागे खाच असते, तिच्यात बोल्टचं डोकं सरकवायचं आणि एल आकाराच्या ब्रॅकेटवर आवळायचं. एम८ चे स्टेनलेस बोल्ट, १३ चा पाना, नायलॉक नट. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम थेट भिडले आणि वर खारी हवा लागली की ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर. शेवटी प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत मी लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. फॅब्रिकेटर हसला, मग त्याने शेड विचारली. बायकोकडे आहे म्हणाला. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर दोन रेघा तुटलेल्या होत्या. पुन्हा आवळल्या, पुन्हा रंगवल्या, त्यानंतर शाबूत आहेत.

उंचीचा एक पेच राहतोच. ऑम्नी जेमतेम १.६४ मीटर उंच. कॅरिअरमुळे ऑनिंग पावणेदोन मीटरवर गेलं, बाहेरची कड उतारासाठी त्याहून खाली. म्हणजे आईला ताठ उभं राहता येतं, मला जेमतेम, आणि माझा सहा फुटी भाऊ आला की तो सतत नमस्काराच्या पोझमध्ये. त्याला ते शोभतं, म्हणून आम्ही काही बदल केला नाही.

पहिली मोठी ट्रिप दिवेआगरला, ताम्हिणी घाटातून. किनाऱ्यावर गाडी उतरवायची नाही, हे आधीच ठरलेलं. ओळखीच्या घरगुती मुक्कामाच्या आवारात, सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र दिसेल अशा जागी आम्ही थांबलो. आणि तिथे खरी गंमत झाली.

बघा, छपराची सावली छपराखालीच पडते हा आपला समज भर दुपारपुरताच खरा असतो. सूर्य ४५ अंशांवर उतरला की पावणेदोन मीटर उंचीवरच्या कापडाची सावली पावणेदोन मीटर बाजूला सरकते. ऑनिंग सूर्याच्या बाजूला उघडलेलं असेल तर अडीच मीटरच्या पडवीत सावलीची जेमतेम पाऊण मीटरची पट्टी उरते, गाडीला चिकटून. उलट सूर्य गाडीच्या मागे असेल तर गाडीची आणि कापडाची सावली एकापुढे एक जोडली जाते आणि चार मीटरच्या पुढे जाते. थोडक्यात, सूर्य आणि आपण यांच्यामध्ये गाडी हवी. ऑनिंग डाव्या बाजूला, दुपारचा सूर्य पश्चिमेला, म्हणजे गाडीचं तोंड दक्षिणेकडे.

‘दक्षिणेकडे तोंड?’ आई म्हणाली, ‘यमाला पत्ता विचारायचाय का?’

खरी अडचण यम नव्हता. अडचण ही की कोकणात समुद्रही पश्चिमेलाच आहे. दोन वर्षांनी समुद्र बघायला आलेल्या बाईला मी सावली दिली ती समुद्राकडे पाठ करून, मध्ये भिंतीसारखी ऑम्नी. तिने काही म्हटलं नाही. खुर्चीत बसून ती होमस्टेच्या विहिरीकडे बघत राहिली, अगदी समंजसपणे. तेच ते ‘तू जा गं’वालं शहाणपण.

मग लक्षात आलं की ऑम्नीला दोन्ही बाजूंना सरकती दारं आहेत. उजवं दार उघडलं, डावं उघडलं, पेटीवरच्या उशा बाजूला केल्या. गाडीच्या आरपार एक चौकट तयार झाली आणि त्या चौकटीत, सुरूच्या खोडांमधून, समुद्र. आईने खुर्ची वळवली. चार वाजता ऊन त्या चौकटीतूनही यायला लागलं तेव्हा काकांची कनात दाराच्या खालच्या अर्ध्यात बांधली. वरच्या अर्ध्यात क्षितिज तेवढं उरलं. ‘पुरे आहे,’ ती म्हणाली. सकाळी गाडी फिरवली, तोंड उत्तरेला, ऑनिंग पश्चिमेला. सकाळची सावली आणि समुद्र एकाच बाजूला. दहा वाजेपर्यंत ती तिथून हलली नाही. मधल्या वेळात तिने शेजारच्या टेबलावरच्या दोन कुटुंबांची पूर्ण माहिती काढली होती.

समुद्रकाठच्या वाऱ्याचं एक बरं असतं, त्याला टाइमटेबल आहे. भूगोलाच्या पुस्तकातले खारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो, दुपारी जोर धरतो. रात्री उलटा. म्हणजे दुपारी गाडी वाऱ्यालाही आडोसा होते. खुंट्यांचं मात्र अवघड. वाळूत लोखंडी खुंटी टाकणं म्हणजे श्रीखंडात चमचा रोवणं. तांदळाच्या जुन्या पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधून हातभर खोल आडव्या पुरायच्या, त्या हलत नाहीत. रत्नागिरीकडच्या सड्यावर याच्या उलट, जांभ्यात खुंटी शिरतच नाही. तिथे दगड शोधा. रात्री झोपताना मात्र वारा असो-नसो, छप्पर मिटायचं. आणि उघडं असताना गाडीची चावी ऑनिंगच्या बॅगेच्या कप्प्यात. छप्पर हाताळल्याशिवाय चावी मिळत नाही, त्यामुळे ते लावलेलं विसरून कुणी निघू शकत नाही.

ज्याला टाइमटेबल नसतं तो वळीव. तो आम्हाला मे महिन्यात भोरजवळ, भाटघर धरणाच्या बॅकवॉटरला भेटला. मी पाण्याचा कॅन भरायला दोनशे मीटरवरच्या घरी गेले होते. आभाळ भरलेलं होतंच, पण वारा नव्हता. मग एकदम धूळ उठली, तीही उभी, भिंतीसारखी. मी कॅन टाकून पळत सुटले. डोळ्यांत माती, समोर काही दिसेना, डोक्यात फक्त ते ३८ किलो आणि दीडशे किलो.

पोहोचले तेव्हा दोन्ही दोऱ्या सुटून जमिनीवर पडल्या होत्या. आडवे हात काढलेले, पाय मिटलेले, पुढचा पाइप मातीला टेकलेला. कापड टपापासून जमिनीपर्यंत तिरकं, घसरगुंडीसारखं. आणि त्या पाइपवर मध्यभागी, ओढणी तोंडाला बांधून, आई बसली होती. स्वतःचं वजन ठेवून. टपोरे थेंब पडायला लागले होते.

‘किती वेळ?’ तिने विचारलं. ‘पाणी कुठेय?’

आम्ही दोघींनी मिळून ते चिखलासकट गुंडाळलं आणि आत बसून पाऊस थांबायची वाट बघितली. तिची बोटं लाल झाली होती. मी धरायला गेले तर तिने हात ओढून घेतला आणि फोन मागितला, मांडववाल्या काकांना कळवायचं होतं.

ओलं ऑनिंग बॅगेत राहिलं की बुरशी धरते, एक-दोन दिवसांत वाळवावंच लागतं. पुण्यात परतल्यावर ते उघडून वाळवण्याएवढी जागा आमच्याकडे एकच, सोसायटीच्या बिल्डिंगमागचं ओपन पार्किंग. रविवारी सकाळी नवाला धुऊन उघडं केलं. आई खाली आली, कापडाला डाग राहिलेत का बघायला. मग वरून खुर्ची मागवली. मग लसूण. दीड वर्षात ती दिवसाउजेडी खाली अशी बसलेली बिल्डिंगने पाहिलेली नव्हती, त्यामुळे आधी पहिल्या मजल्यावरच्या काकू आल्या, मग त्यांची सून, मग इस्त्रीवाल्याची मुलगी. साडेदहाला सेक्रेटरी काका आले आणि पार्किंगमध्ये मांडव घालायला परवानगी लागते, असं म्हणाले. आईने त्यांना सुरगाठ दाखवली. ते म्हणाले, ही त्यांनी एनसीसीमध्ये शिकली होती, आणि करून दाखवायला बसले.

साडेअकराला वाळलेलं ऑनिंग आम्ही तीनला मिटलं.